घर बांधायचंय: तीन ठेकेदार, तीन दर, आणि डोक्याला ताप

खारीगावकर
नमस्कार मंडळी. कळव्याला खारीगावात वडिलांनी १९८७ साली बांधलेलं बैठं घर आहे. विटांच्या भारवाही भिंती, वर सिमेंटचे पत्रे, पुढे ओटा, मागे मोरी. गेल्या पावसाळ्यात पत्रे बदलायला आलेल्या माणसाने शिडी टेकवली आणि गिलाव्याचा ताटाएवढा पापुद्रा खाली आला. आता पाडून तळमजला अधिक एक मजला बांधायचं ठरलंय. नकाशा झाला, महापालिकेत फाइल गेली.

तीन ठेकेदारांकडून दर आलेत, तिघेही मटेरियलसकट. पहिला चौरस फुटाला २,०५०, दुसरा २,४००, तिसरा २,८००. बायको म्हणते पहिल्याला द्या. मेहुणा म्हणतो, एवढा स्वस्त आहे म्हणजे गोम आहे. वडील म्हणतात, १९८७ साली मी अख्खं घर केवढ्यात बांधलं विचार मला. (विचारत नाही. तासभर जातो.)

आपल्याकडे सध्या काय दर चालू आहे? २,०५० मध्ये बरं काम होतं का?

ऐरोलीची_अनु
कशावर?

खारीगावकर
कशावर म्हणजे? चौरस फुटावर.

ऐरोलीची_अनु
अहो दादा, कुठल्या चौरस फुटावर? कार्पेट, बिल्टअप की स्लॅब? तिघांनाही फोन करून एवढंच विचारा, मग बोलू.

पारसिकच्या_पलीकडे
अनुताईंच्या एका शब्दात धागा संपला खरं तर. पण संपणार नाही, शनिवार आहे.

उलवेकर
अनुभवाचे बोल. उलव्याला मामाचा साडेबारा टक्क्यांतला (सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला) छोटा प्लॉट होता, बांधकाम मी बघत होतो. ठेकेदाराने दर दिला, आम्ही खूश. करारात एक ओळ होती, 'दर जोत्यावरील कामाचा' (जोतं म्हणजे पायावरचा चौथरा). आम्ही वाचली, पण तिचा अर्थ कळायला खड्डा खणावा लागला. खाली सगळा भराव, त्याखाली खाडीचा काळा चिखल. पोकलेनचं बकेट वर आलं की पाणी टपकायचं आणि वास असा की कामगार नाकाला गमछा बांधून उभे. शेवटी पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर काँक्रीटचे खांब, घ्यावे लागले. त्याचं बिल वेगळं, पाइल कॅपचं वेगळं, पाणी उपसायच्या पंपाचं डिझेल वेगळं. जोत्यापर्यंत येईस्तोवर मामाच्या एका मजल्याचे पैसे जमिनीत गेले. दिसतात कुठेच नाहीत. मामी अजून विचारते, नक्की काय बांधलंत?

खारीगाव म्हणजे खाडी जवळच. माती तपासल्याशिवाय कुणाच्याही दरावर विश्वास ठेवू नका.

टोपली_घमेलं
आमच्याकडे घोडबंदरला उलटं. एक फूट खणलं की कातळ. ब्रेकर लावला तर आठवडाभर आजूबाजूच्यांच्या शिव्या. पण एकदा खडक लागला की पाया स्वस्तात.

घोडबंदर_ट्राफिक
स्वस्तात? डंपर रात्री अकराला येणार, ड्रायव्हरला चहा आपण पाजणार, त्याच्याच गाडीने अडवलेल्या रस्त्यावर दुसऱ्या दिवशी आपणच अडकणार.

खारीगावकर
केले फोन.

पहिला (२,०५०): 'साहेब, जेवढा स्लॅब पडेल तेवढा.' म्हणजे बाल्कनी, छज्जे, गच्चीवर जिन्याचं टोपरं, टाकीखालचा स्लॅब, सगळं मोजणार.
दुसरा (२,४००): बिल्टअपवर, बाहेरच्या भिंतीच्या बाहेरून माप.
तिसरा (२,८००): 'आम्ही प्रामाणिक, कार्पेटवरच घेतो.' म्हणजे भिंतींच्या आतलं माप.

आर्किटेक्टकडून आकडे घेतले. कार्पेट ७६०, बिल्टअप ९२० (मजल्याला ४६०), स्लॅब ११८०. गुणाकार केला.

पहिला: २४,१९,०००
दुसरा: २२,०८,०००
तिसरा: २१,२८,०००

ज्याचा दर सगळ्यात जास्त तोच सगळ्यात स्वस्त! तीस वर्षं बँकेत काढली, पण हे बघून चष्मा पुसला.

पारसिकच्या_पलीकडे
मेहुण्याला फोन करा. गोम बरोबर होती, फक्त चुकीच्या ठेकेदारात शोधत होते.

निवृत्त_ओव्हरसियर
उशिरा येतोय. बत्तीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात अंदाजपत्रकंच केली, म्हणून थोडं लांबण लावतो.

क्षेत्रफळाला दराने गुणायची पद्धत जुनी आहे. आमच्याकडे तिला जोते क्षेत्र पद्धत म्हणतात. केंद्रीय बांधकाम खातं असे जोते क्षेत्राचे दर छापतं. क्षेत्रफळं कशी मोजायची याचं मानकसुद्धा आहे, आयएस ३८६१. पण आम्ही ही पद्धत कुठे वापरायचो? प्रशासकीय मान्यतेला. म्हणजे साहेबांनी विचारलं, 'दवाखाना बांधायचाय, किती लागतील?' तर दुपारपर्यंत आकडा द्यायचा. तांत्रिक मंजुरीला मात्र बाबवार अंदाजपत्रक. खोदाई इतके घनमीटर, काँक्रीट इतकं, सळई इतके किलो, गिलावा इतके चौरस मीटर, आणि प्रत्येकाला दरसूचीतला दर. तिथे चौरस फुटाचा दर घेऊन कुणी आला असता तर कागद अंगावर परत आला असता.

तुमचे तिघे ठेकेदार तुम्हाला प्रशासकीय मान्यतेचा आकडा देतायत आणि सही मात्र अंतिम कराराची मागतायत.

दुसरं. दर एकच राहील आणि फक्त क्षेत्रफळ बदलेल, असं होत नाही. २० बाय २० ची एक खोली घ्या. जमीन ४०० चौरस फूट, बाहेरची भिंत ८० फूट. आता ४० बाय ४०. जमीन चौपट, १६००. भिंत मात्र दुप्पटच, १६० फूट. दहा फूट उंची धरा. लहान घराला दर चौरस फूट जमिनीमागे २ चौरस फूट भिंत बांधायची, मोठ्याला १. वीट, गिलावा, रंग त्याच हिशेबाने. संडास-बाथरूम, स्वयंपाकाचा ओटा, जिना, वरची टाकी ही घर लहान म्हणून निम्मी होत नाहीत. त्यामुळे '३,००० फुटांच्या बंगल्याला माझ्या साडूने १,९०० दिले' हे खारीगावच्या ९२० फुटांना लागू नाही. साडूंचे दर तर कुणालाच लागू नसतात.

टोपली_घमेलं
काकांना दंडवत. शेवटचं वाक्य फ्रेम करून साइटवर लावतो.

कौलारू
एक शंका. तिसरा ठेकेदार कार्पेट म्हणतो ते कुठलं? रेरा कायद्यातल्या व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, उघडी गच्ची धरत नाहीत. जुने लोक कार्पेट म्हणजे भिंत ते भिंत, सतरंजी मावेल तेवढं असंच समजतात. दोन्हींत फरक पडतो.

आणि आपल्या मराठीची गंमत बघा. कार्पेट एरियाला चटई क्षेत्र म्हणतात, आणि एफएसआयला (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) चटई क्षेत्र निर्देशांक. तो निर्देशांक मोजताना मात्र भिंतीसकट मोजतात. चटईवर भिंत उभी!

ऐरोलीची_अनु
कौलारू, म्हणूनच सामान्य माणूस फसतो. शब्द एकच, मापं तीन.

सौ_लेव्हलट्यूब
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. नवऱ्याची नाही, माझी स्वतःची पदवी आहे. मागच्या एका धाग्यावर विचारणा झाली होती म्हणून आधीच सांगते.

खारीगावकर, सगळ्यात आधी माती. दोन बोअर घ्या, रिपोर्टमध्ये कठीण मुरूम किती फुटांवर आणि जमिनीची भारक्षमता किती ते येईल. मग तिघांना विचारा, 'तुमच्या दरात पाया किती खोल धरलाय?' बहुतेक जण पाच फूट धरतात आणि ते सांगत नाहीत.

तपासणीसाठी ठोकताळे देते. ठोकताळेच आहेत, डिझाइन नाही. दोन मजली घराला स्लॅब एरियाच्या चौरस फुटाला साधारण ४ किलो सळई आणि ०.४ गोणी सिमेंट. तुमच्या ११८० ला म्हणजे ४.७ टनांच्या आसपास सळई आणि ४७० गोण्या. कुणी 'अडीच टनांत बसवतो' म्हणाला तर खूश होऊ नका, घाबरा.

सळईचं वजन स्वतः काढता येतं. व्यास मिलिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. १२ मिमीचा १२ मीटरचा रॉड १०.६७ किलो भरला पाहिजे. काट्याची पावती आणि रॉडची मोजणी जुळवून बघायची. पाच इंची स्लॅबला दर १०० चौरस फुटांमागे ४२ घनफूट काँक्रीट लागतं. एकास दीडास तीन मालाला (सिमेंट, रेती, खडी) त्यात साडेनऊ गोण्या जातात. स्लॅबच्या दिवशी रिकाम्या गोण्या मोजा. माझे सासरे खुर्ची टाकून बसले होते, गोणी फाडली की पाटीवर रेघ. मुकादम संध्याकाळी म्हणाला, 'ताई, इंजिनिअर तुम्ही का ते?'

आणि खाडीकाठाला एम २० वर (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) थांबू नका. आयएस ४५६ मध्ये किनारी हवा 'तीव्र' वर्गात येते, तिथे आरसीसीला किमान एम ३० सांगितलंय. सळईवरचं कव्हरसुद्धा (तिला झाकणारा काँक्रीटचा थर) जास्त. हा फरक दरात आधीच लिहून घ्या.

खारीगावकर
ताई, हे सगळं वहीत उतरवलं. वडिलांना वाचून दाखवलं. त्यांनी खुर्ची आत्ताच काढून ठेवलीय.

मुंब्रा_बायपास
कव्हरवरून आठवलं. आमच्या जुन्या घराचा स्लॅब त्या काळी खाडीच्या रेतीत झाला होता. होडीतून काढलेली रेती, धुतली की नाही देवाला ठाऊक. पंचवीस वर्षांत आतली सळई फुगून पापडासारखी सुटली. आई जेवायला बसवताना पंख्याखालची जागा पाहुण्यांना द्यायची नाही.

टोपली_घमेलं
खाऱ्या रेतीतलं मीठ लोखंडाला खातं, खरंय. आता क्रश सँडच, दगड फोडून केलेली रेती, मिळते जास्त करून. तिच्यात भुकटी किती आहे ते मूठभर पाण्याच्या ग्लासात टाकून बघायचं.

वास्तुविशारद_नाही_वास्तुप्रेमी
जिना नैऋत्येला आहे ना? टाकी ईशान्येला घेऊ नका.

पारसिकच्या_पलीकडे
आलं. मी वाटच बघत होतो.

निवृत्त_ओव्हरसियर
वरची टाकी भिंत-कॉलमवर येईल तिथे घ्या. दिशा नंतर बघू.

कोपरखैरणे_सेक्टरवाला
रो-हाउसवाल्यांचा एक मुद्दा कुणी काढला नाही, शेजारी. आमचं घर दोन घरांच्या मध्ये. एक भिंत सामाईक. पाडताना शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकू द्यावे लागले, त्यांच्या स्वयंपाकघराला तडा गेला, टाइल आम्ही बदलून दिल्या. त्यांनी तीच संधी साधून ओटाही नवीन मागितला. हे कुठल्या चौरस फुटात बसवायचं? शिवाय गल्ली आठ फुटी. तयार काँक्रीटची गाडी कोपऱ्यापर्यंतच. तिथून घमेली. डेब्रिज टाकायला टेम्पो, टेम्पोपर्यंत हातगाडी. खारीगावकर, तुमची गल्ली किती रुंद?

खारीगावकर
रिक्षा येते. मागे फिरत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर
याला आमच्या भाषेत लीड आणि लिफ्ट. माल किती लांबून आणला आणि किती उंच चढवला. सरकारी दरसूचीत त्याचे वेगळे दर असतात. खाजगी ठेकेदार तोंडी म्हणतो, 'होऊन जाईल साहेब', आणि दुसऱ्या स्लॅबच्या वेळी म्हणतो, 'माणसं ऐकत नाहीत.'

हिशेबनीस
कराचं बघा. मटेरियलसकट ठेका दिला आणि पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी वर. दर 'करासहित' की 'अधिक कर' हे विचारलंत का? एकाच स्वतंत्र घराचं फक्त मजुरीचं कंत्राट असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. मग मटेरियल तुम्ही आणायचं. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ झालाय, दर जुने असतील तर तेवढं कमी करून मागा. शिवाय बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर. स्वतः राहायच्या घराला पूर्वी १० लाखांपर्यंतच तो माफ होता, नोव्हेंबर २०२५ पासून ती मर्यादा ५० लाख झाली, तुमचं त्यात बसतंय.

भिवंडी_बायपास
रेडी रेकनरमध्ये, म्हणजे सरकारी मूल्यदर तक्त्यात, बांधकामाचा दर छापलेला असतो की. तोच दाखवायचा ठेकेदाराला.

हिशेबनीस
तो मुद्रांक आणि महापालिकेचे आकार काढण्यासाठी. आणि चौरस मीटरवर असतो. एकदा एका गृहस्थांनी तोच आकडा चौरस फूट समजून घराचं बजेट केलं, आणि घर बांधायचा विचारच सोडून दिला. १०.७६ ने भागल्यावर परत सुरू केला.

उलवेकर
मजुरीवर द्यायचं म्हणताय, पण मटेरियल आणणं म्हणजे नोकरी सोडणं. सकाळी सातला मिस्त्रीचा फोन, 'खडी संपली'. नऊला 'बाइंडिंग वायर'. मी तर ऑफिसच्या मिटिंगमध्ये चाळणी आणि खिळे मागवलेत.

सौ_लेव्हलट्यूब
एक गैरसमज. लोक सळईच्या भावावरून रात्र जागतात. तुमच्या घराला किलोमागे ५ रुपये वाढले तर साधारण २३,५०० चा फरक. लादी ५५ रुपयांऐवजी ९५ ची निवडली की ७०० चौरस फुटांना २८,०००. दुकानात अर्ध्या तासात होतं ते. ठेकेदाराच्या दरात 'टाइल्स' एवढंच लिहिलेलं असतं, किती रुपयांची ते नसतं. नळांचंही तसंच. लिहून घ्या, टाइलचा मूळ भाव अमुक, वरचा फरक मालकाचा.

कौलारू
आमच्याकडे महाग टाइल मीच निवडली होती. बायकोने दुकानातच विचारलं, 'सळईवर भांडून वाचवलेले हेच का?'

ऐरोलीची_अनु
खारीगावकर दादा, मूळ प्रश्नावर येऊ. तिघांनाही एकच कागद द्या. माप बिल्टअप ९२०. त्यात काय काय हवं ते तुम्ही लिहा: पाया किती खोल, काँक्रीट कुठलं, वीट की ब्लॉक, गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर), कठडा, जमिनीखालची आणि वरची टाकी, वायरिंगचे पॉइंट किती, कर धरून. त्या कागदावर प्रत्येकाने स्वतःचा दर टाकायचा. पैसे टप्प्याने: जोतं, पहिला स्लॅब, दुसरा स्लॅब, वीटकाम, गिलावा, आणि शेवटचे पाच-सात टक्के पहिल्या पावसानंतर. पाऊस हा सगळ्यात कडक इन्स्पेक्टर आहे.

टोपली_घमेलं
ठेकेदार म्हणून बोलतो, शेवटच्या टप्प्यावर पैसे अडकतात म्हणून आम्ही पण दर वाढवून धरतो हां. मालकपण काय कमी नसतात. एकाने माझे शेवटचे चाळीस हजार कडीकोयंडा घट्ट आहे म्हणून दीड वर्षं ठेवले.

ऐरोलीची_अनु
मान्य. पण घट्ट होता का?

टोपली_घमेलं
पावसाळ्यात होता.

खारीगावकर
(अडीच महिन्यांनी) मंडळी, धागा वर काढतोय.

माती तपासली. कठीण मुरूम ११ फुटांवर. अनुताईंनी सांगितलं तसा कागद केला, लेव्हलट्यूब ताईंचे ठोकताळे मागे चिकटवले. एकाच ९२० वर तिघांचे दर आले:

पहिला: २,६३०, म्हणजे २४,१९,६००. त्याचा जुना आकडा जवळजवळ तसाच. त्याने आधीच सगळं धरलं होतं, पायासुद्धा ८ फूट.
दुसरा: २,५४०, म्हणजे २३,३६,८००. पण पाया ५ फुटांपर्यंतच.
तिसरा, आमचा प्रामाणिक: २,८७०, म्हणजे २६,४०,४००. कठडा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, दोन्ही टाक्या आणि वायरिंग त्याच्या जुन्या दरात नव्हतंच. 'तुम्ही विचारलं नाही' म्हणाला.

पहिला आणि दुसरा यांत ८२,८०० चं अंतर. दुसऱ्याकडे पायाचे सहा फूट वेगळ्या बिलात, पहिल्याकडे तीन. दोघांचे त्या जादा खोदाईचे आणि काँक्रीटचे दर मागवले आणि अंतर उलटं झालं. काम पहिल्याला दिलं. बायकोचं म्हणणं खरं ठरलं. कारण वेगळं होतं, पण ते ती ऐकून घेत नाही.

पाडताना जुन्या घराची सागवानी चौकट निघाली, ती नव्या घराला मागच्या दाराला लावतोय. काल जोतं झालं. वडील खुर्चीवर होतेच. संध्याकाळी त्यांनी स्वतःची जुनी स्टीलची टेप काढली, मला एक टोक धरायला लावलं आणि चारही बाजूंनी मोजलं. ४६० नाही, ४५७ भरतंय म्हणतात.

पारसिकच्या_पलीकडे
दोन मजल्यांचे ६ फूट. २,६३० ने १५,७८० होतात. काकांना सांगा, टेप जपून ठेवा, अजून वरचा मजला मोजायचाय.

खारीगावकर
तो हिशेब त्यांनी कालच ठेकेदाराला ऐकवलाय. आज तो स्वतःची टेप घेऊन आला होता. त्याच्या टेपवर ४५९.